दाह व जुनाट आजारांवरील मुखीय विकर-पूरके : तौलनिक दाव्यांची चिकित्सा

प्रस्तावना

प्रथिनांचे विघटन करणारी विकरे, म्हणजे व्यवहारात ज्यांना आपण एन्झाइम म्हणतो ती, गोळीच्या रूपाने पोटात घेतल्यास सूज उतरते, सांधेदुखी कमी होते आणि जुनाट आजारांना आळा बसतो, असा दावा गेली साठ-पासष्ट वर्षे केला जात आहे. सेराशियोपेप्टिडेज, ब्रोमेलेन, ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिन, पपेन, नॅटोकायनेज ही या वर्गातील प्रमुख नावे होत. आपल्याकडे दाढ काढल्यावर, मुरगळल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर दिल्या जाणाऱ्या चिठ्ठीत यांपैकी एखादे नाव हमखास असते. पाश्चात्त्य देशांत हीच द्रव्ये बहुधा आहारपूरक म्हणून विकली जातात, आणि तेथे 'यांपैकी सर्वांत प्रभावी कोणते?' या प्रश्नाभोवती तौलनिक लेखनाचा मोठा संभार उभा राहिला आहे.

प्रस्तुत लेखात या विकरांची क्रमवारी लावलेली नाही. अशी क्रमवारी ज्या पुराव्यावर लावली जाते, तो तुलनेचा भार कितपत पेलू शकतो, हे तपासणे एवढाच येथे हेतू आहे. 'विकर अ हे विकर ब पेक्षा सरस' असे विधान करण्यापूर्वी दोन्ही विकरे निरौषध गोळीपेक्षा, म्हणजे प्लासिबोपेक्षा, सरस आहेत हे सिद्ध व्हावे लागते. या क्षेत्रातील बहुतेक लेखन ही पहिली पायरी वगळून दुसऱ्या पायरीवर उभे आहे.

रेशीमकिड्याची कथा

सेराशियोपेप्टिडेजच्या संबंधात एक कथा जवळजवळ प्रत्येक माहितीपत्रकात आढळते. रेशीमकिडा या विकराच्या साहाय्याने आपला कोश विरघळवून बाहेर पडतो. जिवंत ऊतीला धक्का न लावता मृत प्रथिन तेवढे नष्ट करण्याचे कौशल्य निसर्गानेच या विकराला दिले आहे. म्हणून मानवी शरीरातही ते सुजेतील निरुपयोगी द्रव्य तेवढे वेचून काढते, असा हा युक्तिवाद. कथा मोहक आहे, परंतु तिच्यात दोन वेगळ्या विकरांची गल्लत झाली आहे. पतंग कोश मऊ करण्यासाठी जे विकर वापरतो ते कोकूनेज होय. ते पतंग स्वतःच्या मुखावयवांतून स्रवतो आणि त्याची जात ट्रिप्सिनसारखी आहे, हे काफाटोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले. सेराशियोपेप्टिडेज हे मात्र रेशीमकिड्याच्या आतड्यात सापडलेल्या सेराशिया ई-१५ या जिवाणूचे विकर असून त्याच्या रचनेत जस्ताचा अणू असतो. त्याचा कोश फोडण्याशी संबंध नाही. औषधाचा गुण अर्थातच त्याच्या उत्पत्तिकथेवर अवलंबून नसतो. तरीही मूळ संशोधन न पाहता एकाने दुसऱ्याचे उतरवून घ्यावे, ही या लेखनाची रीत येथे प्रथमच लक्षात येते.

गोळी ते रक्त

विकर हे स्वतः एक प्रथिन आहे. डाळीतील प्रथिनाचे जठरात व आतड्यात जे होते तेच त्याचेही व्हावे, ही साधी अपेक्षा. आम्लापासून बचाव करण्यासाठी गोळीवर आतड्यात विरघळणारे आवरण चढविले जाते. पण त्यामुळे विकर आतड्यापर्यंत सुखरूप पोहोचले एवढेच म्हणता येते. तेथून अखंड रेणू रक्तात शिरतो काय, हा खरा प्रश्न आहे.

याचे उत्तर सरसकट 'नाही' असे देणे चुकीचे ठरेल, आणि काही टीकाकार तसे देतात हे येथे नमूद केले पाहिजे. कास्टेल व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये निरोगी पुरुषांना दररोज ३ ग्रॅम ब्रोमेलेन देऊन त्यांच्या रक्तद्रवात न मोडलेले ब्रोमेलेन शोधून काढले. म्हणजे शोषण होते. परंतु किती? आढळलेली कमाल पातळी मिलिलिटरला सुमारे ५,००० पिकोग्रॅम, म्हणजे ५ नॅनोग्रॅम होती. प्रौढ माणसाचा रक्तद्रव सुमारे ३ लिटर धरला तर एका वेळी रक्तात असलेले ब्रोमेलेन १५ मायक्रोग्रॅमच्या आसपास भरते. दिवसाच्या मात्रेचा हा दोन लाखावा हिस्सा झाला. शिवाय रक्तात अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन नावाचे प्रथिन असते. अशा भटक्या प्रथिनविघटकांना जाळ्यात धरून निष्प्रभ करणे हे त्याचे एक कामच आहे. समर्थकांनी यावर असे प्रतिपादन केले आहे की विकराशी बद्ध झालेले हे प्रथिनच दाहकारक संदेशद्रव्यांना शोषून घेते, आणि गुण येतो तो अशा आडमार्गाने. हे गृहीतक तपासण्याजोगे आहे. परंतु 'विकर सुजेच्या जागी जाऊन तेथील मृत प्रथिन खाते' या जाहिरातीतील चित्राशी ते जुळत नाही, आणि दोन्ही स्पष्टीकरणे एकाच पत्रकात शेजारी शेजारी सुखाने नांदताना दिसतात.

विकरे जेथे प्रत्यक्ष स्पर्श करतात तेथे त्यांचा प्रभाव निर्विवाद आहे. मटण शिजण्यापूर्वी त्याला कच्ची पपई लावणाऱ्या कोणत्याही गृहिणीला हे ठाऊक असते, आणि अननस अधिक खाल्ल्यावर जीभ चरचरते ती काही अंशी ब्रोमेलेनमुळेच. भाजलेल्या जखमेवरील मृत त्वचा काढण्यासाठी अननसाच्या खोडापासून मिळविलेल्या विकरांच्या लेपाला युरोपात २०१२ मध्ये व अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. स्वादुपिंड निकामी झालेल्या रुग्णास जेवणाबरोबर पॅनक्रियाटिन देतात, तेही अशाच स्थानिक क्रियेसाठी : अन्नातील मेद आतड्यातच पचावा म्हणून. त्या विकराने रक्तात जाण्याची अपेक्षाच नसते. पोटात घेतलेल्या गोळीने गुडघ्यातील सूज उतरविणे हे या दोहोंहून सर्वस्वी भिन्न काम आहे. एकाचा पुरावा दुसऱ्यासाठी उसना घेता येत नाही.

एककांचा घोळ

तौलनिक लेखनात मात्रांचे आकडे ठळकपणे येतात. भारतात सेराशियोपेप्टिडेजच्या १० मिलिग्रॅम गोळीवर २०,००० एकके असा उल्लेख असतो. अमेरिकी पूरकांच्या बाटल्यांवर ४०,००० वा १,२०,००० एकके लिहिलेली दिसतात. ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिनच्या गोळीवर १ लाख आर्मर एकके, नॅटोकायनेजवर २,००० फायब्रिन-विघटन एकके, तर ब्रोमेलेनवर जिलेटिन-विघटन एकके. सामान्य वाचकाला १ लाख हा आकडा २,००० पेक्षा पन्नास पट भारी वाटणे स्वाभाविक आहे. पण ही मापे एका फुटपट्टीवरची नाहीत. प्रयोगशाळेतील नळीत, ठरावीक तापमानाला, ठरावीक प्रथिनाचे किती विघटन झाले यावरून प्रत्येक एकक ठरते. कोठे ते प्रथिन दुधातील केसिन, कोठे जिलेटिन, कोठे रक्ताच्या गुठळीतील फायब्रिन. हे आकडे शेजारी मांडून तक्ता करणे म्हणजे कापडाचे मीटर आणि दुधाचे लिटर यांची बेरीज करण्यासारखे आहे.

पॅनक्रियाटिनच्या बाबतीतही एकेकाळी असाच घोळ होता. निरनिराळ्या उत्पादनांत विकराची प्रत्यक्ष ताकद निरनिराळी आढळल्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये या सर्व उत्पादनांना रीतसर मान्यता घेण्याचा आदेश दिला आणि २०१० पर्यंत मुदत दिली. तेथे ते शक्य झाले, कारण परिणाम मोजण्याचे साधन हाती होते : खाल्लेल्या मेदापैकी किती शोषला गेला आणि किती मलावाटे गेला, हे तोलून पाहता येते. दाहावरील पूरकांवर मात्र एकक आणि रुग्णाला मिळणारा गुण यांना जोडणारा असा कोणताही सांधा नाही.

तुलना कोणाशी?

आता प्रत्यक्ष चाचण्यांकडे वळू. गुडघ्याच्या संधिवातात ब्रोमेलेन, ट्रिप्सिन व रुटोसाइड यांच्या मिश्रणाची तुलना डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाशी अनेकदा झाली आहे. पाकिस्तानात झालेल्या व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका द्विअंध चाचणीत १०३ रुग्णांवर सहा आठवडे हा प्रयोग झाला. २०१६ मध्ये अशा सहा चाचण्यांतील ७७४ रुग्णांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. निष्कर्ष सर्वत्र साधारण एकच : विकरे डायक्लोफेनॅकच्या तोडीची, आणि दुष्परिणाम कमी.

'तोडीची' हा शब्द येथे नीट वाचला पाहिजे. गुडघेदुखी चढते-उतरते. रुग्ण बहुधा दुखणे शिगेला पोहोचल्यावरच चाचणीत येतो आणि पुढील काही आठवड्यांत ते काहीसे आपोआपच उतरते. त्यात आपली विचारपूस होत आहे, औषध चालू आहे या भावनेची भर पडते. म्हणून संधिवाताच्या चाचण्यांत निरौषध गोळी घेणाऱ्यांनाही लक्षणीय आराम पडतो. अशा स्थितीत दोन तुकड्या सारख्याच सुधारल्या, तर त्याचे दोन अर्थ संभवतात : दोन्ही औषधे गुणकारी होती, किंवा त्या चाचणीत औषधांचा फरक दिसण्याची सोयच नव्हती. यांतील खरा अर्थ कोणता, हे निरौषध घेणाऱ्या तिसऱ्या तुकडीवाचून सांगता येत नाही. सांख्यिकी शिकविणाऱ्या प्राध्यापकांना हे नवीन नाही. 'फरक आढळला नाही' आणि 'समानता सिद्ध झाली' यांतील अंतर ते पदवीच्या वर्गातच समजावून सांगतात.

तिसरी तुकडी असलेली एक चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. १५० रुग्ण, बारा आठवडे, वोबेन्झाइम हे जर्मन विकर-मिश्रण, डायक्लोफेनॅक व प्लासिबो. लेकेन निर्देशांकावर विकर व डायक्लोफेनॅक हे दोन्ही प्लासिबोपेक्षा सरस ठरले, आणि हा समर्थकांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आहे हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच चाचणीत वोमॅक या दुसऱ्या मापनश्रेणीवर प्लासिबोपेक्षा वेगळे ठरले ते केवळ डायक्लोफेनॅक. म्हणजे एका मापाने विकर उत्तीर्ण, दुसऱ्या मापाने नाही. तौलनिक लेखांत पहिला निकाल उद्धृत होतो आणि दुसरा गाळला जातो. एकट्या ब्रोमेलेनची गुडघ्याच्या संधिवातातील प्लासिबोनियंत्रित चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. दररोज ८०० मिलिग्रॅम मात्रेने ४७ रुग्णांत बारा आठवड्यांनी काही फरक दिसला नाही. ही चाचणी लहान होती, तेव्हा तिच्यावर सर्व भार टाकणेही बरे नव्हे.

मोठ्या चाचण्यांचे निकाल अधिक स्पष्ट आहेत. घोटा मुरगळलेल्या ७२१ रुग्णांवरील द्विअंध चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. मुरगळणे हे तर या गोळ्यांचे हक्काचे क्षेत्र. तेथे विकर-मिश्रण प्लासिबोपेक्षा सरस ठरले नाही. जुनाट आजारांपैकी मल्टिपल स्क्लेरोसिसवर ३०१ रुग्णांची दोन वर्षांची चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. आजाराच्या गतीवर परिणाम आढळला नाही. नॅटोकायनेजबद्दल सांगायचे तर, नॅट्टो या जपानी आंबवलेल्या सोयाबीनमधील हे विकर नळीत फायब्रिन विरघळविते हे हिरोयुकी सुमी यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्यावरून रोहिणीकाठिण्य थोपविण्याचा दावा निघाला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत २६५ व्यक्तींना सुमारे तीन वर्षे २,००० एककांची मात्रा वा प्लासिबो देण्यात आले. रोहिणीच्या भिंतीची जाडी दोन्ही तुकड्यांत सारखीच वाढत गेली.

दुखऱ्या घोट्यापलीकडचा प्रश्न

येथपर्यंतच्या विवेचनावर 'गुण नसला तर नसो, अपाय तर नाही ना?' असा प्रश्न विचारला जाईल. घोट्याच्या बाबतीत तो क्षम्य आहे. काही रुपये वाया जातील इतकेच. गंभीर आजारात हिशेब बदलतो.

एडिंबरा येथील भ्रूणशास्त्रज्ञ जॉन बिअर्ड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कर्करोगावर स्वादुपिंडातील विकरांचा उपचार सुचविला आणि १९११ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्याच धाग्यावर न्यूयॉर्कचे डॉ. निकोलस गोन्झालेझ यांनी विकरे, आहार, पूरके व कॉफीचा एनिमा अशी उपचारपद्धती बांधली. तिची परीक्षा अमेरिकी शासकीय निधीतून झाली, ही या विषयातील दुर्मीळ गोष्ट. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या ५५ रुग्णांपैकी ३२ जणांनी विकरांचा मार्ग घेतला व २३ जणांनी केमोथेरपीचा. चिठ्ठ्या टाकून तुकड्या पाडण्यास रुग्ण तयार न झाल्याने निवड त्यांच्यावर सोपविण्यात आली होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार केमोथेरपीच्या तुकडीत मध्यम आयुर्मान १४ महिने होते, विकरांच्या तुकडीत ४.३ महिने. गोन्झालेझ यांनी या चाचणीच्या अंमलबजावणीवर तीव्र आक्षेप घेतले, आणि यादृच्छिक नसलेल्या तुलनेत निवडीचा दोष शिरू शकतो हेही खरे. तथापि असा दोष एवढे मोठे अंतर सहजी पाडत नाही. आधीच अल्प उरलेल्या आयुष्यातून नऊ-दहा महिने वजा होणे याला 'अपाय नाही' म्हणता येणार नाही.

रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. यांतील काही विकरे रक्तस्रावाची शक्यता वाढवू शकतात, आणि दुकानातून स्वतःहून आणलेली 'नैसर्गिक' कॅप्सूल रुग्ण डॉक्टरांना औषध म्हणून सांगतच नाही.

जपानने सोडलेले, भारताने धरलेले

सेराशियोपेप्टिडेजचे जन्मस्थान जपान. ताकेदा कंपनीने ते १९६८ मध्ये डासेन या नावाने बाजारात आणले आणि पुढील चार दशके ते तेथे सर्रास वापरले गेले. पुनर्मूल्यांकनाच्या ओघात घोटा मुरगळणे व जुनाट श्वासनलिकादाह या दोन व्याधींत प्लासिबोशी तुलना करणाऱ्या चाचण्या झाल्या. प्लासिबोपेक्षा फरक सिद्ध झाला नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये कंपनीने स्वतः हे औषध मागे घेतले. त्यामागे विषारीपणाचे कारण नव्हते. गुण सिद्ध होत नाही एवढ्यावरून चाळीस वर्षे चाललेले औषध मागे घेतले गेले, याची नोंद घेतली पाहिजे.

दिल्लीच्या संशोधकांनी २०१३ मध्ये या विकरावरील उपलब्ध अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेतला, आणि वेदनाशामक व दाहशामक म्हणून त्याच्या वापरास पुरेसा आधार नाही असा अभिप्राय दिला. दाढेच्या शस्त्रक्रियेनंतरच्या काही लहान चाचण्यांत थोडाफार गुण दिसतो, तो त्यांनीही नाकारलेला नाही. तरीही भारतीय औषधविक्रीवर ना जपानच्या निर्णयाचा परिणाम दिसला, ना या आढाव्याचा. याचे एक कारण विक्रीच्या रूपात आहे. आपल्याकडे सेराशियोपेप्टिडेज बहुधा एकटे येत नाही. ॲसिक्लोफेनॅक वा डायक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल यांच्याबरोबर एकाच गोळीत येते. रुग्णाला उतार पडतो तो वेदनाशामकाने, आणि श्रेय तिघांत वाटले जाते. वापरणाऱ्या डॉक्टरांचा 'अनुभव' यातूनच घडतो. तो प्रामाणिक असतो, फक्त कोणत्या घटकाचा आहे हे त्यातून कळत नाही. मिश्र गोळीमुळे परीक्षेची संधीच नाहीशी होते, आणि परीक्षा नाही म्हणून गोळी टिकून राहते.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र शासनाने १५६ मिश्र औषधांवर बंदी जाहीर केली, तेव्हा त्या यादीत अमायलेज, प्रोटीएज, लायपेज, ब्रोमेलेन, पपेन अशा पंधरा विकरांचे एकच मिश्रण होते. पंधरा विकरे एकत्र का, याचे सयुक्तिक उत्तर कोणी देऊ शकेल असे वाटत नाही. शासकीय छाननीचे हे पाऊल स्वागतार्ह असले तरी ते मिश्रणांपुरते मर्यादित आहे. ॲसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल घेणाऱ्या रुग्णांच्या दोन तुकड्या करून एकीला वर सेराशियोपेप्टिडेज व दुसरीला तशीच दिसणारी निरौषध गोळी द्यायची, ही चाचणी आपल्या कोणत्याही दंतवैद्यक महाविद्यालयात अल्प खर्चात होण्यासारखी आहे. दाढेच्या शस्त्रक्रियेचे रुग्ण तेथे रोज येतात, तोंड किती उघडते हे मोजपट्टीने मिलिमीटरमध्ये मोजता येते आणि निकालासाठी आठवडाभराची वाट पुरते. पदव्युत्तर प्रबंधांत मात्र या विकराची तुलना दुसऱ्या एखाद्या विकराशीच करण्याकडे कल अधिक दिसतो.